परिशिष्ट एकवरील नावे

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आमच्या तालुक्यातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह माझ्याकडे आले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणते. कापडी पिशवीतून त्यांनी तीन वर्षांचे ताळेबंद, पासबुके, ठेवपावत्या, गाळ्यांचे भाडेकरार आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक पिवळट कागद काढून टेबलावर मांडला आणि म्हणाले, "ताई, आयकराच्या नोंदणीचे नूतनीकरण सप्टेंबरअखेर करावे लागते म्हणे. तेवढे करून द्या."

मी प्रथम तो पिवळट कागद हातात घेतला. तो परिशिष्ट एकचा उतारा होता, ज्याला आमच्याकडे सगळे 'शेड्युल वन' म्हणतात. धर्मादाय कार्यालयातील सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीत प्रत्येक संस्थेचे एक पान असते आणि त्या पानाची ही प्रमाणित नक्कल. संस्थेचे नाव, उद्देश, विश्वस्तांची नावे, विश्वस्त नेमण्याची पद्धत, स्थावर-जंगम मालमत्ता, उत्पन्नाची साधने हे सगळे त्यावर असते. वाचनालयाच्या उताऱ्यावर विश्वस्तांची सात नावे होती आणि शेवटच्या बदलाची नोंद १९९८ सालची होती.

गुरुजींनी एकेका नावावर बोट ठेवले. पहिले गृहस्थ जाऊन वीस वर्षे झाली होती. दुसरे गुरुजींचेच शिक्षक, तेही गेले. तिसरे, चौथे आणि पाचवेही नव्हते. सहावे नव्वदी ओलांडलेले, मुलीकडे नाशिकला राहतात आणि आता कोणाला ओळखत नाहीत. सातवे नाव खुद्द गुरुजींचे होते; १९९८ मध्ये ते कार्यकारिणीतील सर्वांत तरुण सदस्य होते. "निवडणुका तर आम्ही दर पाच वर्षांनी नियमाने घेतल्या, ताई," ते म्हणाले, "प्रोसिडिंगमध्ये सगळे लिहिलेले आहे." ते खरेच होते. २००३, २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ अशा पाच निवडणुका झाल्या होत्या. त्यांपैकी एकीचीही खबर धर्मादाय कार्यालयाला दिलेली नव्हती.

पंचवीस वर्षे मी कर सल्लागार म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक अशाच छोट्या संस्था असतात: वाचनालये, तालीम संघ, देवस्थाने, महिला मंडळे, एखादे वसतिगृह. त्यांच्यात अप्रामाणिक माणसे मला क्वचितच भेटली. जी भेटली ती रात्री उशिरापर्यंत पदरमोड करून संस्था चालवणारी आणि कागदाच्या बाबतीत मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारी. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. करसवलत कशी मिळवावी याचे मार्गदर्शन पुष्कळ ठिकाणी मिळते; पण आपल्या राज्यात करसवलतीचा पाया धर्मादाय कार्यालयातील त्या एका पानात आहे, हे कोणी पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही.

महाराष्ट्रातील बहुतेक सामाजिक संस्थांकडे दोन नोंदणी क्रमांक असतात. एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालचा, आणि दुसरा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचा. मूळचा 'मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम' आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. धर्मादाय उद्देशाने १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था आपल्याकडे सार्वजनिक न्यासही ठरते. म्हणून तिच्या क्रमांकामागे 'एफ' हे अक्षर लागते, जसे हिंदू देवस्थानांना 'ए' आणि इतर धर्मादाय न्यासांना 'ई' लागते. क्रमांक मिळाला, फलकावर रंगवला, पावतीपुस्तकावर छापला, की काम संपले असे कार्यकर्त्यांना वाटते. वस्तुतः नोंदणी ही एकदाची गोष्ट नाही. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे परिशिष्ट एकवरील कोणत्याही नोंदीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत तो कळवावा लागतो. यालाच बदल अर्ज किंवा चेंज रिपोर्ट म्हणतात. विश्वस्त निवडून आला, राजीनामा दिला, वारला, संस्थेने जागा घेतली, इमारत बांधली, प्रत्येक वेळी बदल अर्ज.

बदल अर्ज म्हणजे नुसते पत्र नव्हे. ज्या सभेत बदल झाला तिची सूचना सर्व सभासदांना संस्थेच्या घटनेत ठरवलेल्या मुदतीत मिळाली होती का, गणपूर्ती होती का, निवडणूक घटनेतील पद्धतीने झाली का, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे आहेत का, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले आहेत का, हे सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्त तपासतात आणि मग बदल मंजूर किंवा नामंजूर करण्याचा आदेश देतात. ही न्यायिक स्वरूपाची चौकशी असते. कोणी हरकत घेतली तर साक्षीपुरावा होतो. म्हणूनच सूचनेची वही आणि पोच घेतल्याच्या सह्या यांना जे महत्त्व आहे ते मला एखाद्या ताळेबंदाइतकेच वाटते. सभासदांना सूचना 'फोनवर सांगितली' हे गावात चालते, चौकशीत चालत नाही.

पाच निवडणुकांचे अर्ज राहिले, तर शेवटचा एक अर्ज करून भागेल का, असे गुरुजींनी साहजिकच विचारले. भागत नाही. २०२३ च्या सभेत मतदान करणारी आणि सभा बोलावणारी कार्यकारिणी २०१८ ची. ती वैध की नाही हे २०१३ वर अवलंबून. असे करत साखळी १९९८ पर्यंत मागे जाते. मधली एक कडी नामंजूर झाली की पुढच्या सगळ्या लोंबकळतात. म्हणून प्रत्येक निवडणुकीचा वेगळा अर्ज आणि प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो. शिवाय २००४ साली वाचनालयाने देणग्या गोळा करून वरचा मजला बांधला होता, तोही परिशिष्टावर नव्हता. म्हणजे सहा अर्ज.

एवढे करूनही लोक मला विचारतात, "चालले होते की इतकी वर्षे, अडले कुठे?" अडत नाही तोवर चालते, हे खरे. मग एक दिवस बँक नव्या सहीदारांसाठी परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागते आणि खाते गोठते. किंवा संस्थेला आपली जागा विकायची असते, आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यायला कोणी जावे, हाच प्रश्न उभा राहतो. पण सर्वांत गंभीर तिढा आता प्राप्तिकराच्या बाजूने येतो आणि तो गेल्या काही वर्षांतच निर्माण झाला आहे.

पूर्वी संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी '१२ ए'ची नोंदणी एकदा मिळाली की कायमची असे. मंडळी ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावत. १ एप्रिल २०२१ पासून कलम १२एबी लागू झाले आणि सर्व जुन्या संस्थांना नव्याने अर्ज करून पाच वर्षांपुरती नोंदणी घ्यावी लागली. त्या फेरीत नमुना १०ए भरला की फारशी छाननी न होता नोंदणी मिळत होती. त्यामुळे अनेकांना वाटले की पुढच्या वेळीही असेच होईल. पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, नमुना १०एबीमध्ये करायचा होता. या खेपेस मात्र प्राप्तिकर आयुक्त चौकशी करतात. संस्थेचे कार्य खरे आहे का हे ते पाहतात, आणि त्याच कलमाने दुसरी गोष्टही त्यांना पाहायला सांगितली आहे: संस्थेचे उद्देश साध्य होण्यासाठी जे अन्य कायदे महत्त्वाचे आहेत, त्यांचे पालन संस्थेने केले आहे का. धर्मादाय कार्यालयातील अपुरे काम प्राप्तिकर कार्यालयात येऊन उभे राहते ते या वाक्यामुळे.

अर्ज वेळेत झाला नाही तर काय, हे मी गुरुजींना समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. २०२३ च्या वित्त अधिनियमाने कलम ११५टीडीत असा बदल झाला की मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज न करणारी संस्था धर्मादाय स्वरूप सोडून गेली असे मानले जावे आणि तिच्या निव्वळ मालमत्तेच्या बाजारमूल्यावर सर्वोच्च दराने कर लागावा. वाचनालयाचे उत्पन्न वर्षाला सहा-साडेसहा लाख. पण इमारत बाजारपेठेच्या चौकात. ती जागा साठ वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी दान दिली, आज तिची किंमत कोटींत जाते. काही मालमत्ता या हिशेबातून वगळता येते, २०२४ पासून आयुक्तांना विलंब माफ करण्याचा अधिकारही मिळाला आहे. तरीही पुस्तकांच्या कपाटांवर आणि चौकातल्या भिंतींवर कर आकारला जाण्याची शक्यता कायद्यात आहे, ही गोष्ट अर्ज 'पुढच्या महिन्यात' भरणाऱ्या प्रत्येक खजिनदाराने एकदा नीट वाचावी.

अर्ज भरायला बसलो तर पहिलीच अडचण उभी राहिली. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर संस्थेच्या वतीने संपर्काची व्यक्ती म्हणून तेव्हाच्या अध्यक्षांचे नाव आणि मोबाइल क्रमांक होता, आणि ते २०२२ मध्ये वारले. ओटीपी त्यांच्या क्रमांकावर जात होता. गुरुजींनी त्यांच्या मुलाला फोन केला. मुलाने वडिलांचे सिम बंद केलेले नव्हते. दर महिन्याला रीचार्ज करून त्याने तो फोन घरात ठेवला होता. फोन चार्ज करून, चष्मा लावून, त्याने सहा आकडे वाचून दाखवले आणि मग विचारले, "बाबांच्या नावाने अजून काही राहिले आहे का वाचनालयाचे?" त्या फोनमुळे आमचे पंधरा दिवस वाचले. सगळ्यांच्याच घरी असे सिम राहिलेले नसते. पदाधिकारी बदलला की त्याच आठवड्यात संकेतस्थळावरचे नाव, क्रमांक आणि ई-मेल बदलावेत.

त्या कापडी पिशवीतून आणखी तीन गोष्टी निघाल्या आणि प्रत्येकीने दोन्ही कायद्यांची गाठ घालून दिली.

पहिली ठेवपावती. वाचनालयाने पाच लाख रुपये गावातील पतसंस्थेत ठेवले होते. व्याज बँकेपेक्षा जास्त, चालक मंडळी ओळखीची, आणि पतसंस्थेनेही वाचनालयाला वेळोवेळी मदत केलेली. भावना मी समजू शकते. परंतु धर्मादाय कायद्याच्या कलम ३५ ने न्यासाचा पैसा कोठे ठेवावा ते ठरवून दिले आहे: अनुसूचित बँका, टपाल बचत बँक, शासनाने मान्यता दिलेल्या सहकारी बँका, सरकारी रोखे. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११(५) मध्येही अशीच यादी आहे आणि तिथे 'बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था' असे शब्द आहेत. पतसंस्था सभासदांकडून ठेवी घेते, तिच्याकडे बँकिंगचा परवाना नसतो. यादीबाहेर ठेवलेल्या पैशामुळे करसवलत धोक्यात येते, आणि पतसंस्था अडचणीत आली तर ठेवीला बँकेसारखे विमासंरक्षणही नसते. महाराष्ट्रात पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांचे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सार्वजनिक पैसा त्या रांगेत उभा राहू नये, असे मला मनापासून वाटते. मुदत संपताच ती रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत हलवली.

दुसरी गोष्ट गाळ्यांचे करार. वाचनालयाच्या दर्शनी बाजूस तीन गाळे आहेत. दोन अकरा महिन्यांच्या कराराने दिलेले, तिसरा मात्र २०१९ साली सरळ नऊ वर्षांसाठी लिहून दिलेला. न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक, आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यासाठी कलम ३६ खाली पूर्वपरवानगी लागते. नसेल तर तो भाडेपट्टा वैध ठरत नाही. भाडेकरू सज्जन होता, त्याने समजून घेतले आणि कमी मुदतीचा नवा करार केला. त्याच्याकडून घेतलेल्या एक लाखाच्या अनामतीची नोंद खर्डावहीत होती, ताळेबंदात नव्हती. ती मी देण्याच्या बाजूला घेतली. अशा लहान नोंदी राहून गेल्या की ऑडिटमध्ये शेरा येतो, आणि न्यासाच्या ऑडिटमध्ये शेरा आला की तो धर्मादाय कार्यालयात जातो, कारण कलम ३४ ने लेखापरीक्षकावरच गैरव्यवहार आणि अनियमितता कळवण्याची जबाबदारी टाकली आहे.

इथे ८५ टक्क्यांच्या नियमाविषयी थोडे थांबून लिहिते, कारण गुरुजींना सर्वांत अवघड तेच गेले. नोंदणी असली म्हणजे सगळे उत्पन्न आपोआप करमुक्त होत नाही. वर्षभरात मिळालेल्या उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम त्याच वर्षात उद्देशांवर खर्च व्हायला हवी. उरलेले १५ टक्के कोणतीही अट न घालता शिल्लक ठेवता येतात. वाचनालयाचे आदल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न ६,४०,००० रुपये होते. त्यातले ९६,००० सहज शिल्लक टाकता येत होते आणि ५,४४,००० खर्च व्हायला हवे होते. खर्च झाला ४,३०,०००. राहिले १,१४,०००. काटकसरीने कारभार करणाऱ्या माणसाला ही शिल्लक भूषणावह वाटते. कायद्याला ती खुलासा करण्याजोगी वाटते. खुलाशाचा मार्ग म्हणजे नमुना १०. कोणत्या कामासाठी रक्कम राखून ठेवत आहोत हे त्यात नेमके लिहायचे आणि पाच वर्षांत त्याच कामावर ती खर्च करायची. 'संस्थेच्या उद्देशांसाठी' असे मोघम लिहून चालत नाही. कार्यकारिणीने बालविभागाच्या नव्या कपाटांसाठी आणि संगणकीकृत ग्रंथसूचीसाठी ठराव केला, तारीख, रक्कम, काम सगळे लिहून. विवरणपत्राच्या देय तारखेच्या दोन महिने आधी, म्हणजे ऑगस्टअखेर, तो नमुना दाखल करायचा होता. गुरुजी एकवीस तारखेला आले होते म्हणून ते साधले.

देणगीच्या पावत्यांतही एक दोष होता. काही देणगीदारांनी तोंडी सांगितले होते की पैसे कायम निधीत ठेवा आणि व्याजातून पुस्तके घ्या. पावतीवर मात्र फक्त 'देणगी' लिहिलेले. कायम निधीची देणगी त्या वर्षाच्या उत्पन्नातून बाहेर ठेवायची असेल, तर देणगीदाराचा तसा स्पष्ट, लेखी निर्देश हवा आणि ती रक्कम ठरवून दिलेल्या प्रकारांतच गुंतवलेली हवी. आता पावतीपुस्तकावर दोन चौकोन छापले आहेत, 'सर्वसाधारण' आणि 'कायम निधी', आणि खाली देणगीदाराची सही. पॅन लिहिण्याची जागाही आहे, कारण देणगीदाराला मिळणाऱ्या ८० जीच्या करसवलतीसाठी संस्थेला दर वर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी नमुना १०बीडीत भरावी लागते आणि त्यातून तयार होणारे १०बीई प्रमाणपत्र हाच देणगीदाराचा पुरावा असतो. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदाराला ती नाहीच. हे शेवटचे मी मुद्दाम सांगते, कारण 'सवलत मिळेल' असा शब्द देऊन नंतर ती न मिळाल्यामुळे दुरावलेले देणगीदार मी पाहिले आहेत.

पिशवीतला तिसरा कागद छापून आणलेला ई-मेल होता. गुरुजींचा एक विद्यार्थी न्यू जर्सीत असतो. त्याला वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी पाच हजार डॉलर पाठवायचे होते आणि त्याने खाते क्रमांक विचारला होता. गुरुजींचा आनंद त्यांच्या बोलण्यात होता. मी एकच प्रश्न विचारला: त्याचा पासपोर्ट कोठला? तो अमेरिकन नागरिक झालेला होता. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड, असले तरी तिला विदेशी अंशदान नियमन अधिनियम, २०१० लागू होतो. तशी देणगी नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती फक्त नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच स्वीकारावी लागते. नेहमीच्या खात्यात एक डॉलर जरी आला तरी तो गुन्हा ठरू शकतो. परदेशातील मराठी मंडळी गावासाठी किती जिव्हाळ्याने देतात हे मला ठाऊक आहे. त्यांना नाही म्हणणे गुरुजींना फार जड गेले. त्या मुलाची आई गावातच राहते, ती भारतीय नागरिक आहे. तिने आपल्या निवृत्तिवेतनाच्या साठवणीतून, स्वतःच्या इच्छेने, एक्कावन्न हजार दिले. मुलाचे डॉलर आईच्या खात्यात घालून तिच्या नावाने द्यावेत ही सूचना कोणीतरी केली होती. ती मी ठामपणे नाकारली, कारण तसे करणे म्हणजे त्याच कायद्याचे उल्लंघन आडवळणाने करणे होय.

नमुना १०एबी आम्ही २४ सप्टेंबरला भरला. बदल अर्जांपैकी चार तोवर दाखल झाले होते, दोन ऑक्टोबरमध्ये झाले. डिसेंबरात प्राप्तिकर कार्यालयाकडून नोटीस आली आणि तिच्यातील क्रमांक दोनचा मुद्दा होता: सध्याच्या विश्वस्तांची नावे परिशिष्ट एकवर का नाहीत. आम्ही काही लपवले नाही. सत्तावीस वर्षांचा क्रम एका पानावर लिहिला, सहाही बदल अर्जांच्या पोचा, पाच निवडणुकांचे ठराव, मृत्यूचे दाखले आणि सध्याच्या कार्यकारिणीची शपथपत्रे जोडली. सोबत वाचनालयाच्या देवघेवीची नोंदवही, ग्रंथालय अनुदानाची पत्रे आणि अभ्यासिकेत बसलेल्या मुलांची छायाचित्रे. नोंदणी मार्चमध्ये मिळाली आणि ती दहा वर्षांची मिळाली. आधीच्या दोन वर्षांत उत्पन्न पाच कोटींच्या आत असलेल्या संस्थांना २०२५ च्या वित्त अधिनियमाने ही सोय दिली आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, कायद्यातले नावही आता 'नोंदणीकृत ना-नफा संस्था' असे झाले आहे; पण कार्यकर्त्यांच्या तोंडी '१२ ए' आणि '८० जी' हेच शब्द आहेत म्हणून मी इथे तेच वापरले. ८५ टक्क्यांचा नियम नव्या कायद्यातही आहे.

धर्मादाय कार्यालयातले काम मात्र अजून संपलेले नाही. २००३ आणि २००८ चे बदल अर्ज मंजूर झाले, मजल्याची नोंदही झाली. २०१३ चा अडला आहे. त्या वर्षीच्या सूचनेच्या वहीला वाळवी लागली आणि पाने एकमेकांना चिकटून गेली. सभासदांनी सूचना मिळाल्याच्या सह्या केल्या होत्या, त्या आता वाचता येत नाहीत. २०१८ आणि २०२३ चे अर्ज त्याच्यामागे थांबले आहेत. मी आणि गुरुजी मे महिन्यात त्या सभेला हजर असलेल्यांची यादी घेऊन बसलो. एकतीस जणांपैकी चौदा हयात आहेत, त्यांतले नऊ गावात. एकेकाच्या घरी जाऊन, सभेची आठवण आहे का, सूचना कशी मिळाली होती, हे विचारून शपथपत्रे करून घेतली. एका आजींनी सांगितले की सूचना घेऊन आलेल्या शिपायाला त्यांनी त्या दिवशी नारळाच्या वड्या दिल्या होत्या, म्हणून तो दिवस त्यांना पक्का आठवतो. त्यांच्या शपथपत्रात ते वाक्य तसेच ठेवले आहे. सुनावणीची पुढची तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, आणि आजींनी साक्षीला स्वतः येण्याची तयारी दाखवली आहे.